मुलाच्या अंगणात गेलेली शाळा

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात मुरलीपुरा, जयपूर येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



सीकर रोडला लागून असलेल्या या मुरलीपुऱ्यात नोकरीधंद्यानिमित्त येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबे आज एकत्र जमली आहेत. त्यांतील अनेकांनी आपल्या शाळेच्या बालवर्गात पाटीवर पहिला 'अ' गिरवला. आता त्यांची मुले, काहींची नातवंडेही, तीन-चार वर्षांची झाली आहेत आणि शाळेत जाऊ लागली आहेत. ती शाळा मराठी नाही, हे उघडच आहे. मेळाव्याच्या आधी पालकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या चिठ्ठ्यांपैकी बहुतेकींत दोनच चिंता वेगवेगळ्या शब्दांत मांडल्या होत्या. पहिली अशी की शेजारचे मूल साडेतीन वर्षांचे असून एक ते शंभर लिहिते, आमचे अजून रेघोट्याच ओढते. ते मागे पडेल का? दुसरी चिंता अशी की घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी, यांत मूल गोंधळते. तेव्हा निदान घरातली मराठी बंद करावी का?

या दोन्ही प्रश्नांवर मराठी भूमीत जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीपासून विचार झालेला आहे, आणि तो केवळ ग्रंथांत राहिलेला नाही. तो ज्यांनी केला त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्याचा मागोवा घेतला तर बालशिक्षणातील मोठमोठ्या संकल्पना आपोआप समोर येतात.

लहान मुलाला मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती न मानता त्याच्या वाढीचे स्वतंत्र नियम आहेत असे मानणे, हा या साऱ्या विचाराचा पाया. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल याने १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि पुढे १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. खेळ हे मुलाचे काम आहे, हे त्याने ठामपणे मांडले. आपण ज्याला आज 'केजी' म्हणतो आणि ज्यात मूल बाकावर बसून वही भरते, ते हेच नाव! त्यातली बाग वाटेत कुठे हरवली, याचा शोध पालकांनी आणि शाळांनी मिळूनच घ्यायला हवा.

इटलीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले 'बालगृह' उघडले. मुलाच्या हाताला येईल अशा उंचीची मांडणी, त्याला पेलेल असे सामान, आणि निवड त्याची. माँटेसरीबाई मूळच्या डॉक्टर असल्यामुळे त्या मुलाकडे निरीक्षकाच्या नजरेने पाहत. त्यांना आढळले की विशिष्ट वयात मूल विशिष्ट गोष्टींसाठी विलक्षण ग्रहणशील असते. भाषेचा काळ, क्रमाचा काळ, बारीक वस्तूंकडे लक्ष जाण्याचा काळ असे हे संवेदनशील कालखंड. तीन वर्षांचे मूल दहा वेळा तोच डबा उघडते आणि बंद करते तेव्हा ते खोड्या काढत नसते. त्या क्षणी त्याचे हात आणि बुद्धी मिळून एक धडा गिरवत असतात. आई डबा काढून घेते, तेव्हा धडा अर्धवट राहतो.

हा विचार आपल्याकडे आणला तो गुजरातच्या गिजुभाई बधेका यांनी. व्यवसायाने वकील असलेल्या गिजुभाईंना स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या प्रश्नाने माँटेसरीपर्यंत नेले, आणि १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू झाले. वकिली सोडून मुलांत रमलेल्या या गृहस्थांना लोक कौतुकाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. जयपूरकरांना हे ऐकून आनंद व्हावा की ज्या सीकर रोडवर मुरलीपुरा आहे, त्याच वाटेने शेखावाटी ओलांडून पुढे गेले की चुरू जिल्ह्यात राजलदेसर नावाचे गाव लागते. गिजुभाईंचे साहित्य हिंदीत प्रसिद्ध करण्याचे मोठे काम तेथील बालशिक्षण समितीने केले. ज्यांच्या घरी हिंदी सहज वाचली जाते त्यांनी ती पुस्तके अवश्य मिळवावीत.

गिजुभाईंनी माँटेसरीबाईंचे सारेच जसेच्या तसे उचलले नाही, हे विशेष. माँटेसरीबाईंना लहान मुलांना पऱ्यांच्या, अद्भुताच्या कथा सांगणे फारसे रुचत नसे. मुलाचे पाय आधी वास्तवात रोवले जावेत, असे त्यांचे मत. गिजुभाई मात्र गोष्टीवेल्हाळ. त्यांनी गोष्ट सांगण्याचे शास्त्रच लिहिले. या वादात आपल्या आज्यांचा कौल कुणाच्या बाजूने पडला असता, हे सांगायला नको! मुलाला कोल्हा बोलत नाही हे ठाऊक असते, तरीही त्याला बोलणारा कोल्हा हवा असतो, आणि या दोहोंत त्याला काही विसंगती वाटत नाही. या एका बाबतीत गिजुभाईंचे निरीक्षण अधिक खरे वाटते.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा. मुंबई विद्यापीठाच्या त्या १९१४ च्या पदवीधर. राजकोट येथील स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषवले. संसारात आलेल्या दुःखाला बाजूला सारून त्या भावनगरला गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. 'शिक्षणपत्रिका' या मासिकातून बालशिक्षणाचा विचार मराठी घरांत पोहोचवण्याचे काम ताराबाईंनी केले, आणि १९३६ मध्ये दादरला 'शिशुविहार' सुरू केले. मुंबईच्या सुशिक्षित मध्यमवर्गाने त्याचे स्वागत केले. इथवर सारे सुरळीत होते. पण ताराबाईंना प्रश्न पडला की माँटेसरीबाईंनी जे गरीब वस्तीत आरंभले, ते आपल्याकडे सुखवस्तू घरांच्या मुलांपुरते का उरावे? महागडी साधने, मोठी खोली, प्रशिक्षित शिक्षिका, हे खेड्यात कोठून आणायचे?

म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळात अशा मुलीचे आयुष्य तिथेच संपले असे समजत. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यात अध्यापन केले आणि पस्तिसाव्या वर्षी बोर्डीला जाऊन पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. पुढे बी.ए. देखील त्या पन्नाशी ओलांडल्यावर झाल्या. 'आता या वयात काय शिकायचे' असे म्हणणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी ही नोंद.

बोर्डीत शाळा मांडली, पण मुलेच येईनात. दलित वस्तीतली मुले, घरी धाकट्या भावंडाला सांभाळणारी, अंगावर धड वस्त्र नसलेली. शिक्षणाची किंमत पालकांना कळत नाही, असा ठपका ठेवून मोकळे होणे सोपे होते. या दोघींनी उलट विचार केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. मग साधनांची गाठोडी घेऊन शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. आधी अंगण झाडायचे, मुलांची नखे कापायची, केस विंचरायचे, आंघोळ घालायची. मग गाणी, गोष्टी, खेळ. आया आपली कामे करता करता दारातून पाहत. मूल आईच्या नजरेसमोर होते, धाकटे भावंडही जवळच खेळत होते. यातून 'अंगणवाडी' ही कल्पना आणि हा शब्द जन्माला आला.

साधनांचा प्रश्नही असाच सुटला. रंगांची ओळख फुलापानांवरून, मोजणी चिंचोक्यांवर आणि शंखशिंपल्यांवर, बोटांच्या हालचाली मातीच्या गोळ्यावर आणि माळ ओवण्यात, अक्षराचे वळण वाळूत. इटलीहून येणाऱ्या लाकडी पेटीत जे तत्त्व होते, ते बोर्डीच्या किनाऱ्यावर फुकट मिळाले. तत्त्व आणि साधन यांत फरक करता येणे, ही ताराबाईंची मोठी देणगी. आज बाजारात 'माँटेसरी' अशी चिठ्ठी चिकटवून विकल्या जाणाऱ्या खेळण्यांच्या किमती पाहिल्या की ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते.

१९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले, वारली आदिवासींच्या पाड्यांत. तिथे नवी अडचण निघाली. थोडी मोठी झालेली मुले गुरे राखायला रानात जात. मग कुरणातच शाळा भरली. तिचे नाव कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ताराबाईंनी तिला विकासवाडी म्हटले, कारण धाकट्याला पाळणाघरात ठेवता आले तरच थोरली बहीण वर्गात बसू शकते. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी ते काम १९९२ पर्यंत, अखेरपर्यंत, चालवले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. आज राजस्थानातल्या ढाणीतही हा शब्द बोलला जातो. तो बोर्डीच्या एका झाडलेल्या अंगणातून आला, हे उच्चारणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. या योजनेत पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्या बरोबरीने शालापूर्व शिक्षणही आहे. लोकांच्या मनात मात्र अंगणवाडी म्हणजे खाऊ एवढेच उरले.

आता पहिल्या चिठ्ठीकडे वळू. शंभरपर्यंत लिहिणारे मूल पुढे आहे का?

स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी मुलांना अगदी साधे प्रश्न विचारून त्यांच्या विचाराची घडण शोधली. त्यांतला एक प्रयोग आज घरी करून पाहता येईल. एकसारख्या दोन पेल्यांत सारखे दूध घ्यावे. चार वर्षांच्या मुलाला विचारावे, दोन्हींत सारखे आहे ना? ते हो म्हणेल. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातले दूध उंच आणि अरुंद भांड्यात ओतावे आणि पुन्हा विचारावे. मूल बहुधा सांगेल, उंच भांड्यात जास्त आहे. त्याला कितीही समजावले तरी त्याचे डोळे त्याला जे सांगतात तेच ते खरे मानणार. पाच चिंचोके जवळजवळ मांडले आणि दुसरे पाच लांब लांब मांडले, तर लांब मांडलेले 'जास्त' वाटणारच. साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास ही समज पालटते. ती पाठ करवून येत नाही. ओतून, सांडून, मांडून, मोडून येते. पाच म्हणजे किती हे ज्याच्या हाताला अजून कळलेले नाही, त्याने शंभरापर्यंत लिहिलेले आकडे ही नक्षी आहे, गणित नव्हे.

लिहिण्याचे तर शरीरशास्त्रही आहे. मनगटात आठ लहान हाडे असतात. तीन वर्षांच्या मुलात त्यांपैकी निम्मीसुद्धा तयार झालेली नसतात, बाकी ठिकाणी अजून कूर्चा असते. खांदा, कोपर, मनगट, मग बोटे, या क्रमाने हाताला स्थैर्य येते. म्हणून आधी भिंतीवर पाण्याचा कुंचला फिरवणे, अंगणात खडूने मोठे गोल काढणे, कणीक मळणे, मटार सोलणे, मणी ओवणे, पेन्सिल त्यानंतर. घाई केली तर पकड चुकीची बसते, आणि पुढे ती सोडवताना शिक्षिका आणि मूल दोघेही रडकुंडीला येतात.

येथे एक कबुली देणे उचित होईल. आपल्या शाळेच्या बालवर्गातही काही वर्षे गृहपाठाची वही होती. जवळपासच्या शाळांत ती दिली जात होती, पालक मागत होते, आणि वही दिली नाही तर पालक दुसरीकडे जातील अशी भीती होती. शाळेने ती भीती मानली. त्या वर्षांत बालवर्गातल्या मुलांच्या वह्या सुरेख दिसत, पालकसभेत त्यांचे कौतुकही होई. पण दुसरी-तिसरीत तीच मुले गोष्ट वाचून 'पुढे काय झाले' हे स्वतःच्या शब्दांत सांगताना अडखळत. कारण ज्या वयात बोलायचे, ऐकायचे, प्रश्न विचारायचे, त्या वयात ती ओळी भरत होती. अखेर शिक्षिकांनीच आग्रह धरला आणि वही बंद झाली. त्या वर्षी काही पालकांनी मुले काढून नेली. हीरक महोत्सवी अंकात केवळ यशाच्या कथा असाव्यात असा प्रघात आहे, तरी ही गोष्ट नोंदली जावी; आज मुरलीपुऱ्यातल्या पालकांपुढे तोच पेच आहे आणि त्यांना शाळा निवडताना असाच धीर लागणार आहे.

दुसरी चिठ्ठी भाषेची. ती अधिक जिव्हाळ्याची आहे.

पियाजे यांचा जन्म १८९६ चा. त्याच वर्षी रशियात लेव्ह वायगॉट्स्की जन्मले. क्षयाने ते १९३४ मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेले, पण बालशिक्षणाला दोन मोठे विचार देऊन गेले. एक असा की मूल आज जे कुणाच्या मदतीने करू शकते, ते उद्या एकटे करील. शिकवण्याची खरी जागा या दोहोंच्या मधली पट्टी. ज्या आजीने नातीचा हात धरून पहिली वेडीवाकडी पोळी लाटवून घेतली, मग हात हळूच सोडला, ती या पट्टीतच काम करत होती. फार सोपे दिले तर मूल कंटाळते, फार अवघड दिले तर खचते. किती वेळ हात धरायचा आणि केव्हा सोडायचा, एवढेच काय ते कौशल्य.

दुसरा विचार भाषेविषयी. लहान मूल एकटे खेळताना स्वतःशी मोठ्याने बोलते. बाहुलीला निजवताना, ठोकळे रचताना ते स्वतःलाच सूचना देते. वायगॉट्स्की म्हणतात, हे मोठ्याने बोलणेच पुढे आत वळते आणि विचार होते. म्हणजे भातुकलीत जी भाषा ऐकू येते, तीच उद्याच्या विचाराची भाषा. आता घरातली मराठी 'बंद' करणे याचा अर्थ काय होतो, ते पाहावे. आईवडिलांना स्वतःला जी भाषा पूर्णपणे येत नाही, अशा तुटपुंज्या इंग्रजीत ते मुलाशी बोलू लागतात. 'कम', 'सिट', 'ईट', 'नो'. हुकूम उरतात, गप्पा, थट्टा, लाडीगोडी, रुसवा-समजूत, 'का गं बाई' आणि 'अगोबाई' नाहीसे होते. मुलाला दुसरी भाषा मिळत नाही, पहिली मात्र जाते.

कोसबाडला हाच प्रश्न वेगळ्या रूपात होता. वारली मुलांची बोली एक, पाठ्यपुस्तकाची मराठी दुसरी. प्रमाण मराठी बोलणारी बाई समोर उभी राहिली की मूल गप्प होई, आणि गप्प मुलाला मंद समजणे ही शाळांची जुनी खोड. तिथे शिक्षिकांना आधी मुलांची बोली कानात साठवावी लागली. मुलांचे शब्द वर्गात आले, तेव्हा मुलेही वर्गात आली. मुरलीपुऱ्यातले मराठी मूल इंग्रजी शाळेत पहिल्या महिन्यात मुके होते, ते वारली मुलासारखेच. ते मंद नाही. ते ऐकते आहे.

गोंधळाची भीती मात्र काढून टाकावी. 'आई, मला तो लाल वाला पाहिजे' असे मूल म्हणते तेव्हा दोन भाषांच्या मुलांत जगभर दिसणारी ती नैसर्गिक गोष्ट असते. त्याला हसू नये आणि शुद्धलेखनाच्या बाईंसारखे तोडूही नये. 'लाल हवा होय? हा घे लाल चेंडू,' एवढे म्हटले की पुरे. योग्य रूप कानावर पडले, अपमान झाला नाही. हिंदी गल्लीतून येणारच, तिला आमंत्रण लागत नाही. इंग्रजी शाळा देईल. मराठी देणारे मात्र या शहरात घराशिवाय दुसरे कुणी नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा एक मानला, आणि त्यावरील २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्यानेही या वयात घरच्या भाषेलाच प्राधान्य दिले आहे. म्हणजे शाळेतल्या बाईंनी 'घरी इंग्रजीच बोला' असा सल्ला दिला, तर पालकांनी नम्रपणे हा आराखडा त्यांच्या नजरेस आणावा.

मेळाव्याच्या शेवटी काही पालकांनी असे सुचवले की दर रविवारी सकाळी एखाद्या घराच्या अंगणात किंवा गच्चीवर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एकत्र आणावे. सूचना स्वागतार्ह आहे. त्यासाठी फलक, गणवेश, वर्गणी यांची गरज नाही. एक परात, बाजरी, लहानमोठ्या वाट्या, ओली माती, खडू, आणि मराठीत गोष्ट सांगणारी एक आजी किंवा आजोबा. आज इथे पहिल्या रांगेत बसलेल्यांपैकी निदान सहाजण त्या कामाला योग्य आहेत, आणि त्यांतल्या दोघांनी आत्ताच हात वर केला आहे. उन्हाळ्यात जयपूरची गच्ची आठनंतर तापते, तेव्हा वेळ सकाळी सातची ठेवावी. पाण्याचे माठ सावलीत असावेत, आणि धाकट्या भावंडांनाही येऊ द्यावे.